आजी-आजोबांना पुन्हा चालतं करताना: कुठलं यंत्र घ्यावं, कुठलं टाळावं, कसं वापरावं

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो, पेशंट घरी येतो आणि दोन-तीन दिवसांत फॅमिली ग्रुपवर लिंका यायला लागतात. कुणी पायांना मसाज करणारं मशीन सुचवतं, कुणी पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ. कुणाच्या तरी साडूंना रोबोटवर चालवलेलं असतं, त्याचा व्हिडिओ येतो. परदेशातला मुलगा तर कार्ड हातात घेऊनच बसलेला असतो. पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना हे इतकं पाठ झालंय की आता दार उघडल्या उघडल्या मीच विचारते, "काय काय मागवलंय?"

खुब्याचं हाड मोडलेलं असो, गुडघा बदललेला असो, पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा नुसतं लांबलेलं आजारपण असो, कुठल्याही यंत्राला मी एकच चाळणी लावते. हे यंत्र पेशंटकडून काम करून घेतंय, की पेशंट आडवा पडलेला असताना त्याच्या वतीने काम करतंय? पहिल्या जातीतली यंत्रं बहुतेक स्वस्त असतात आणि दुसऱ्या जातीतली महाग, हा माझा अनुभव.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे उतारवयात अंथरूण फार लवकर वसुली करतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांमधलं स्नायूंचं वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटलं. ते तर निरोगी लोक होते! ऑपरेशन झालेल्या, भूक मेलेल्या माणसाचं काय होत असेल याचा अंदाज करा. म्हणून खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभं करतात, आणि घरी आल्यावर "राहू दे, आज दमलीये" म्हणून आपण ते सगळं घालवून बसतो.

पहिली पायरी: कागदावर लिहून घ्या

काहीही विकत घेण्याआधी सर्जन किंवा फिजिओकडून तीन गोष्टी लिहून घ्या.

दुखऱ्या पायावर वजन किती टाकायचं: पूर्ण, थोडं, की पाय नुसता टेकवायचा? डिस्चार्ज कार्डावर हे इंग्रजी आद्याक्षरांत खरडलेलं असतं आणि घरात कुणालाच कळत नाही. तिथल्या तिथे विचारा.

कुठल्या हालचाली वर्ज्य आहेत? खुबा बदलला असेल तर मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, खालच्या बैठकीवर बसणं यांना काही आठवडे मनाई असू शकते. सर्जनने सांधा कुठल्या बाजूने उघडला त्यावर ते ठरतं, त्यामुळे शेजारच्या काकूंचे नियम तुमच्या आईला लावू नका.

तिसरं म्हणजे बीपी, नाडी आणि ऑक्सिजनच्या मर्यादा. इथे घड्याळं फसवतात. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर नाडी मुद्दामच दाबून ठेवलेली असते. घड्याळ म्हणतं "हलका व्यायाम" आणि आजोबा घामाघूम झालेले असतात. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, एकेक शब्दावर धाप लागली तर थांबा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असू द्या, पण गार बोटांवर किंवा नेलपॉलिशवर त्याचा आकडा चुकतो.

बीपी मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग वेगळाच आहे. आधी आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा. सकाळी उठल्या उठल्या तोल जाण्यामागे पुष्कळदा हेच असतं आणि त्याला गोळ्यांच्या वेळा बदलणं हाच इलाज असू शकतो.

एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, जखमेतून पाणी किंवा ताप: यांपैकी काही दिसलं तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. श्वास किंवा छातीचा प्रश्न असेल तर थेट १०८.

दुसरी पायरी: मोबाइलने मोजा

लोकांना वाटतं मोजमाप म्हणजे लॅब. खरं तर खिशातला फोन, पाठीला भिंत असलेली खुर्ची आणि चिकटपट्टी एवढ्यावर काम होतं.

पहिली चाचणी उठा-चाला. खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीला पट्टी चिकटवा. रोजच्या चपला, रोजची काठी. "चला" म्हटलं की स्टॉपवॉच सुरू. उठायचं, पट्टीपर्यंत नेहमीच्या वेगाने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला चाळीस सेकंदही लागतील. घाबरू नका, तो तुमचा आरंभबिंदू आहे.

दुसरी चाचणी अर्ध्या मिनिटाची. हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला अकरापेक्षा कमी जमलं तर पायांतली ताकद वयाच्या मानाने कमी आहे. खुर्ची साधारण सतरा इंच उंचीची हवी. सोफ्यावर ही चाचणी घेऊ नका, त्यातून तरुणांनाही नीट उठता येत नाही. सुरुवातीला हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर तसंच मोजा, फक्त वहीत "हात टेकून" असं लिहा.

तिसरं म्हणजे व्हिडिओ, आणि माझ्या मते फोनचा हा सगळ्यात मोलाचा उपयोग. फोन कमरेच्या उंचीवर धरून एकदा बाजूने आणि एकदा मागून चालणं टिपा, शक्य असेल तर स्लो मोशनमध्ये. बाजूने चवडा उचलला जातोय की फरफटतोय ते दिसतं. मागून पाहिलं की एका पायावर वजन येताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते का ते कळतं. झुकत असेल तर वजन घेतलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू अजून कमजोर आहेत. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच चपलांत व्हिडिओ घ्या. पेशंटला महिन्यापूर्वीचा आणि आजचा शेजारी शेजारी दाखवा. "काही फरक नाही गं" म्हणणारी आजी तो व्हिडिओ मागून घेऊन बहिणीला पाठवते.

या चाचण्या घेताना कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवंच. एकट्याने मोजायचं नाही.

तिसरी पायरी: घर, आणि त्यातली स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स

पेठेतला जुना वाडा असो की कोथरूडमधली बिनलिफ्टची सोसायटी, पडझड होते ती बाथरूमच्या वाटेवर आणि बहुधा रात्री. पलंगापासून संडासापर्यंत हालचालीवर पेटणारे दिवे लावा, अगदी पायाजवळ. काही शेकड्यांत काम होतं. स्मार्ट घड्याळाच्या आधी हे.

दुसरी वस्तू वायरलेस डोअरबेल. तिचं बटण बाथरूममध्ये लावा, पण नेहमीच्या उंचीवर नव्हे, जमिनीपासून वीतभर वर. पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंत पोचतो. बेल स्वयंपाकघरात ठेवा, आवाज मोठा करून.

पडल्याचं ओळखणारी घड्याळं वाईट नाहीत. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ च्या चौथ्या सीरीजपासून आहे. पण ती जोरात आदळलेलं ओळखतात. आजोबा पलंगाच्या कडेवरून हळूच घसरून खाली बसले तर घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. शिवाय ते रोज चार्ज करावं लागतं, आणि नेमकं अंघोळीच्या वेळी काढून ठेवलेलं असतं. एकटं राहणाऱ्यांनी जरूर घ्यावं. भरल्या घरात डोअरबेल पुरते.

कुणी पडलंच तर काखेत हात घालून ओढू नका. खुब्यात किंवा मांडीत दुखतंय, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, तर हलवायचं नाही. पांघरूण घाला, १०८ लावा.

काठी आणि वॉकर यांना कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही, पण उंची चुकली तर बाकी सगळं वाया. चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. हे सांगितलं की निम्मी घरं वाद घालतात, पण काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे गेले की खुब्यावरचा भार खरोखर कमी होतो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठीखालचं रबरी बूट गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला.

चौथी पायरी: पावलं मोजताना

सदाशिव पेठेतल्या एका काकूंना मुलाने घड्याळ पाठवलं होतं. संध्याकाळी त्याच्या फोनवर जेमतेम काही डझन पावलं दिसायची आणि व्हिडिओ कॉलवर रोज ओरडा. काकू बिचाऱ्या वॉकर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारून दमलेल्या. गंमत अशी की मनगटावरचं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं, आणि वॉकर धरलेला हात झुलतच नाही. आम्ही तेच घड्याळ मोज्याच्या काठावर, घोट्याशी अडकवलं. त्या संध्याकाळी मुलगा निमूट झाला.

तेव्हा वॉकर किंवा काठीवाल्यांनी मोजणी घोट्याजवळ करावी. अगदी हळू, पाय घासत चालणाऱ्यांची पावलं तिथेही सुटतात. अशा वेळी घड्याळ सोडा आणि फेऱ्या मोजा. दहा हजार पावलांचं खूळ तर डोक्यातून काढूनच टाका. तो आकडा मूळचा १९६० च्या दशकातल्या जपानी पेडोमीटरच्या जाहिरातीतला आहे, खुबा मोडलेल्या आजीसाठी कुणी तो काढलेला नाही. या आठवड्याची सरासरी बघा आणि पुढच्या आठवड्यात तिच्यात थोडीच भर घाला. दुसऱ्या दिवशी सांधा सुजला किंवा दुखणं रात्रभर राहिलं तर भर जास्त झाली, मागे या.

पावलांइतकंच उठणं मोजा. फोनवर दर तासाचा गजर लावा, आणि गजर झाला की खुर्चीतून पाच वेळा उभं राहायचं. टीव्हीवरची मालिका ब्रेकवर गेली की उठायचं, हा त्याचाच बिनबॅटरीचा अवतार, आणि तो जास्त टिकतो.

खाण्याबद्दल एकच ओळ: नुसत्या मऊ भातावर स्नायू चढत नाहीत, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर किंवा अंडं हवं, आणि किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

पाचवी पायरी: व्हिडिओ कॉलवर फिजिओ

पहिली भेट प्रत्यक्षच व्हावी. सांधा हाताने तपासल्याशिवाय मला तरी पुढचं ठरवता येत नाही. नंतर आठवड्यातले काही दिवस कॉलवर भागतं. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत जाणारा वेळही वाचतो.

पण कॉल लावायची पद्धत असते. बहुतेक घरांत फोन हातात धरतात आणि मला अर्धा तास कपाळ आणि पंखा दिसतो. फोन आडवा करून स्टुलावर टेकवा, पेशंटपासून दोन-तीन मीटर लांब. डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसायला हवं. खिडकी पेशंटच्या पाठीमागे नको. ऐकू कमी येत असेल तर ब्लूटूथ स्पीकर पेशंटच्या जवळ ठेवा. साडी किंवा पायजमा घोट्याच्या थोडा वर. आणि मदतनीस फोन बघत उभा नको, पेशंटच्या कमजोर बाजूला, किंचित मागे हवा. त्याने दंड पकडायचा नसतो. कमरेला बांधलेला रुंद पट्टा पकडायचा. गेट बेल्ट म्हणून तो मिळतो.

पार्किन्सन्स असेल तर: टिक-टिक

या आजारात दारातून जाताना, वळताना पाय जमिनीला खिळतात. मागून ढकललं की माणूस तोंडावर पडतो. इथे फोनवरचं फुकटचं मेट्रोनोम ॲप, म्हणजे ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं, खरोखर कामाचं आहे. मेंदूला आतून मिळायचा ठेका मिळेनासा झालेला असतो, तो बाहेरून पुरवायचा.

आधी ठेक्याशिवाय एका मिनिटात पडणारी पावलं मोजा. समजा ऐंशी पडली, तर मेट्रोनोम ऐंशीवर लावा आणि प्रत्येक टिकेला एक पाऊल. काही दिवसांनी पाच-सात टिका वाढवा. पावलं आखूड होऊन धावल्यासारखं व्हायला लागलं तर लगेच कमी करा. टिक-टिक नको वाटत असेल तर टाळाच्या ठेक्यावर "ज्ञानोबा माउली तुकाराम" लावा. आयुष्यात एकदा तरी पालखीमागे चाललेल्या पायांना तो ठेका ओळखीचा असतो. या चालीच्या वेळी गप्पा मारू नका आणि हातात चहाचा कपही देऊ नका. एका वेळी एकच काम.

जिथे पाय हमखास अडकतात तिथे, म्हणजे बहुधा स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर गडद रंगाच्या पट्ट्या आडव्या चिकटवा, एका पावलाच्या अंतराने. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पेशंट आणि घरचे दोघांनीही त्यांच्या सभांना जाऊन बसावं.

हॉस्पिटलमधली मोठी यंत्रं

यात छताला टांगलेल्या पट्ट्यांनी वजन उचलून धरणारे ट्रेडमिल आले, पाय हलवणारे रोबोट आले: स्वित्झर्लंडचा लोकोमॅट किंवा केरळच्या जेनरोबोटिक्सचा जी-गेटर. पक्षाघातानंतर ही यंत्रं फिजिओथेरपीच्या जोडीने वापरली तर स्वतःचं स्वतः चालू शकणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे बऱ्याच चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून पुढे आलंय. फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना. काठी घेऊन चालू शकणाऱ्या माणसाने रोबोटसाठी पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

पॅकेज घेण्याआधी विचारा: पट्टे बांधण्यात गेलेला वेळ सोडून प्रत्यक्ष चालणं किती मिनिटं? यंत्राचा आधार दर आठवड्याला किती कमी करणार? यंत्रावरून उतरल्यावर त्याच दिवशी जमिनीवर चालवणार का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

पाय फरफटत असेल तर चवडा उचलायला गुडघ्याखालच्या नसेला विजेचे हलके झटके देणारं उपकरण मिळतं. पण आधी साधी प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे एएफओ, लावून बघा. पुष्कळांचं त्यातच भागतं. पेसमेकर असेल तर विजेचं कुठलंही उपकरण हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

व्हिडिओ गेमवर तोल साधायचे व्यायाम मला आवडतात, कारण माणूस हसत हसत शंभर वेळा वजन डावीकडून उजवीकडे टाकतो. टीव्हीसमोर, पुढ्यात भक्कम टेबल ठेवून करा. डोळे झाकणारा व्हीआर चष्मा लावून ज्येष्ठांना घरी उभं करू नका.

पाय गमावलेल्यांची, म्हणजे मधुमेहाने पाय कापावा लागलेल्यांची वाट वेगळी. कृत्रिम पायाच्या बाबतीत पुणे नशीबवान आहे, लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. पाय बसवल्यावरचं चालायचं शिक्षण मात्र तितकंच महत्त्वाचं, ते अर्ध्यावर सोडू नका.

हे घेऊ नका

गुडघा बदलल्यावर पाय आपोआप दुमडणारं सीपीएम मशीन भाड्याने आणतात. अभ्यासांच्या आढाव्यात त्याचा गुडघा वाकण्याला म्हणावा असा फायदा दिसलेला नाही. तेवढा वेळ पलंगाच्या कडेला बसून स्वतः गुडघा वाकवलेला बरा.

टेन्सचं, म्हणजे त्वचेवरून हलका करंट देणारं मशीन दुखणं कमी करायला असतं, ताकद यायला नव्हे. "आम्ही रोज करंट देतो" म्हणणाऱ्या घरात पेशंट दिवसभर आडवा असतो, असं फार वेळा दिसतं. दुखणं कमी करून त्या अर्ध्या तासात चालवणार असाल तर द्या करंट.

पाय घालून बसायचा मसाजर बरा वाटतो, मान्य. त्याने कुणी चालायला लागत नाही. मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर तो धोक्याचाही ठरतो.

घराबाहेर

खोली, गॅलरी, जिना, सोसायटीचं पार्किंग, मग बाग, असा क्रम ठेवा. आमच्या फुटपाथांबद्दल न बोललेलंच बरं. सपाट, झाकलेली जागा हवी असेल तर दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी मेट्रो स्टेशन चांगलं. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून माझ्या काही पेशंटांचा तोच सरावाचा रस्ता आहे. लिफ्ट आहे, फरशी सपाट आहे, डबा फलाटाच्या बरोबरीला थांबतो. जाताना एक स्टेशन, परत एक स्टेशन. सरकता जिना सगळ्यात शेवटी, आणि काठी असेपर्यंत नकोच. फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, पण पहिल्या काही वेळा सोबत जा.

पैसे

व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हॉस्पिटलचा पलंग भाड्याने घ्या. काही महिन्यांचाच प्रश्न असतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकरकमी तीन हजार रुपये खात्यात मिळतात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यात पाच लाखांपर्यंतचे उपचार येतात, पण ते हॉस्पिटलात भरती असतानाचे. घरच्या फिजिओचा खर्च त्यात धरू नका. कुठली योजना कुठे, हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

वॉकर मात्र विकतच घ्या आणि काठीवर आल्यावर लगेच कुणाला देऊन टाकू नका. रात्री बाथरूमला जाताना, तापात, किंवा नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस तो पलंगाशेजारी लागतो.